चंदाबाईनं रडलेला भूगोल

लोकाच्या घरात डोकावाची मले लहानपनापासून खोड हाय. आमचे भगवानराव म्हनतेत, "तानाबाई, तू मागच्या जन्मी मांजर असशीन." असन बाप्पा! पन मांजरीले जे दिसते ते यांच्यासारख्या पेपर वाचत बसनाऱ्यायले दिसत नाही. चंदाबाई मले अशीच दिसली, डोकावता डोकावता.

आमच्या बोरी अरबले सरकारच्या मुक्त शाळेचं केंद्र हाय. मुक्त म्हनजे काय, त ज्याचं शिक्षन मधातच सुटलं त्यानं घरी राहून, वावराचं काम सांभाळून दहावी कराची. तुमचं वय किती झालं, हे कोनी इचारत नाही. विषय आपल्या मनानं निवडाचे, रविवारी केंद्रावर जाऊन अडलेलं इचाराचं अन् परीक्षा द्याची. एखादा विषय राह्यला त तेवढाच पुन्हा द्याचा, बाकीचे पास ते पास. आमचे रवी सर त धडे मोबाईलमध्ये बोलून पाठवत. हातात विळा अन् कानात विज्ञान, अशी आमची शाळा.

मी नववीतून निघालेली. पन्नाशीले टेकली तवा नाव टाकलं. माहे अंकुर अन् अर्पिता नोकरीसाठी पुन्याले गेले, घर खायले उठे, म्हनून टाइमपास करतो, असं मी सगळ्यायले सांगे. खरं काय ते माह्यं मले बी धड ठाऊक नव्हतं.

चंदाबाई शेवटच्या बाकावर बसे. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यातली, चाळिशी उलटलेली, अंगानं वाळकी, पन आवाज असा की वावराच्या ह्या धुऱ्याहून हाक मारली त त्या धुऱ्यावरचा बैल मान वर करीन. रवी सर शिकवाले लागले की तिचे ओठ हालत. अन् थोड्या वेळानं डोळे भरून येत. पहिल्या रविवारी मले वाटलं, घरी काही झालं असन. दुसऱ्या रविवारी बी तेच. सर पचनसंस्था शिकवून राह्यले अन् ही पदरानं डोळे पुसून राह्यली! आता जठराच्या धड्यात रडाचं काय हाय, सांगा बरं? मले त झोप ये.

माह्या पोटात गोष्ट राहत नाही. सुट्टी झाल्यावर तिले गाठलंच.

"काय वो चंदाबाई, रडतेस काहून?"

"रडत नाही, ताई. पाठ करून राह्यली."

"असं कोनतं पाठ करनं असते?"

ती नुस्ती हसली अन् पायवाटेनं निघून गेली. मंग मले रातभर झोप नाही. भगवानराव म्हने, झोप ना वो बाई, तिचं ती पाहून घेईन. असं कसं पाहून घेईन?

ती कायले शिकून राह्यली हे मात्र मले लवकरच कळलं, कारन ते तिनं लपवलंच नव्हतं. त्यांच्या तांड्यात आशाताईची जागा रिकामी होती. पहिली आशाताई गावातली होती, मराठी बोलनारी. चांगली होती बिचारी, पन तांड्यातल्या पोरी तिच्याशी मोकळ्या बोलत नसत. "कसं हाय?" म्हटलं की "बरं हाय" म्हनून घरात पळत. चंदाबाईची सून पुष्पा बी तशीच. पोटात लेकरू होतं, पाय सुजले होते, डोळ्यापुढं अंधारी ये. आशाताईले म्हने, बरं हाय. सासूले सांगाची लाज. लेकरू गेलं. पुष्पा वाचली हेच नशीब.

"तिले आमच्या गोरबोलीत कोनी इचारलं असतं त ती बोलली असती," चंदाबाई मले म्हनली. "अन् काय इचाराचं असते हे मले ठाऊक असतं, त म्याच इचारलं असतं. आता मीच आशा होतो."

पन त्या जागेले दहावी लागे. अन् चंदाबाईचं शिक्षन, सातवीतून लग्न. सरपंच किसनराव मानूस भला. ते म्हनले, "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत तुह्यासाठी जागा अडवून धरतो. त्याच्यापुढं माह्या हातात नाही. मंग बाहेर गावची बाई घ्या लागन." म्हनजे हिच्याजवळ दोन परीक्षा होत्या. एक उन्हाळ्यातली, एक दिवाळीनंतरची.

उन्हाळ्याच्या परीक्षेआधी मी तिच्यासंगं अभ्यास कराच्या निमित्तानं तांड्यावर गेली. निमित्तच, दुसरं काय. ती घराच्या मागच्या भिंतीशी बसली होती, तोंडावर पदर घेऊन, अन् भिंतीले डोकं टेकवून गळा काढून रडून राह्यली होती. साधं रडनं नाही, सुरातलं. एक लांब ओळ वरून खाली येई, शेवटी हुंदका, मंग दुसरी ओळ. मी जागच्या जागी उभी राह्यली. कान देऊन ऐकलं त शब्द कानावर आले. गोदावरी बाई तू त्र्यंबकच्या डोंगरात जन्मली, नाशिकच्या अंगनात खेळली, नांदेडच्या वेशीतून गेली, आता तू परक्या मुलखात चालली, तुह्यी बोली तिथी कोन समजन...

अवो माय! भूगोल होता तो!

मी तोंड उघडाच्या आतच चहूकडून बाया धावत आल्या. एकीच्या हाताले कनिक, एकीच्या कडेवर पोट्टं. कोनी काही इचारलं नाही. पहिलीनं येऊन चंदाबाईच्या गळ्यात हात टाकले अन् तिच्याच सुरात रडाले लागली. दुसरी आली, तिसरी आली. सगळ्याजनी एकमेकीच्या खांद्यावर. पोट्टं बी रडाले लागलं. चांगलं रडून झाल्यावर एका म्हातारीनं डोळे पुसत इचारलं, "कुण मरगो?"

"कोनी नाही मेलं," चंदाबाई म्हनली. "गोदावरी तेलंगनात गेली."

त्यावर बायायनं तिले असं धरलं की बस. कोनी पाठीत धपाटा घातला, कोनी तिचं पुस्तकच उचलून नेलं. कनकेचे हात सगळ्यायच्या लुगड्यायले लागले ते येगळंच. मी हसून हसून खाली बसली.

मंग तिनं मले सांगतलं. त्यांच्या तांड्यात पोरगी सासरी निघाली की सुरात रडते, त्याले ढावलो म्हनतेत. मायले, बापाले, भावाले, गोठ्यातल्या गाईले, एकेकाले नाव घेऊन सांगाचं, मी चालली. मयतीले बी तसंच. अन् बाई रडतानी ऐकू आली की ऐकनारीनं हातातलं काम टाकून तिच्या गळ्यात पडाचं, कारन मागून इचाराचं. एकटीले रडू द्याचं नाही, हा रिवाज. आताच्या पोरीयले ढावलो येत नाही, म्हनून लग्नघरची मंडळी चंदाबाईले बोलावून नेतेत. नवरीच्या जागी ही रडते अन् नवरी मोबाईलमध्ये फोटो काढते.

"माह्या ध्यानात दुसरं काहीच राहत नाही ताई," ती म्हनली. "आजीपासून पाठ केलं ते असंच केलं. सरचं बोलनं कानात घालतो अन् रडून काढतो."

"अन् पेपरात काय करशीन? तिथी गळा काढशीन का?"

तिचं तोंड उतरलं. तेवढा इचार तिनं केला नव्हता.

परीक्षेचं केंद्र दारव्ह्याले होतं. मराठी झालं, विज्ञान झालं, कशीबशी लिहून ये. ओठ हालवून भागे. भूगोलाच्या दिवशी माह्या पुढच्याच बाकावर होती. म्या पाह्यलं, पेन हातात, एक ओळ सोडली त कागद कोरा. नखं खाऊन राह्यली, छताकडं पाहून राह्यली. अर्धा पेपर गेला. मंग तिनं पदर तोंडावर ओढला अन् हळूच, अगदी हळूच, नुस्ता सूर लावला. शब्द नाही, नुस्ता सूर. झारीतून पानी ठिबकावं तेवढा आवाज.

पन खिडकीजवळच्या बाकावर जमनी बसली होती ना! दारव्ह्याकडच्या तांड्यातली म्हातारी, नातवाशी पैज लावून दहावीले बसलेली. तिच्या कानावर सूर गेला. तिनं पेन ठेवला, उठली, तीन बाकं ओलांडून आली अन् चंदाबाईच्या गळ्यात पडून मोकळा गळा काढला. साऱ्या वर्गात पेनं थांबली.

पर्यवेक्षक पोरगा नवाच होता. तो धावत आला, "काय चाललंय? दूर व्हा!" आता दूर कोन होते? रडनं पुरं झाल्याशिवाय सोडनं म्हनजे पाप. जमनीनं रिवाजाप्रमानं शेवटी इचारलंच, कुण मरगो? अन् चंदाबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कोनी नाही, गोदावरी."

झालं! पर्यवेक्षकानं प्रश्नपत्रिका पाह्यली. पहिलाच प्रश्न, दख्खनच्या पठारावरची सगळ्यात लांब नदी कोनती? अन् साऱ्या वर्गासमोर उत्तर सांगून झालं होतं. मागच्या बाकावरचे दोघं-तिघं खाली मान घालून भराभर लिहाले बी लागले, मेले.

मी उठून उभी राह्यली. "अहो साहेब, ह्यायचा रिवाज हाय तो! कॉपी नाही ती! एवढ्या मोठ्यानं कोन कॉपी करते?" तो म्हनला, "काकू, खाली बसा, नाही त तुमचा बी पेपर घेतो." माह्या अंगाचा तिळपापड झाला. पन त्याचं बी काय चुकलं? नेम तो नेम. दोघीयचे पेपर घेतले.

बाहेर निंबाखाली दोघी बसल्या होत्या. चंदाबाईचा चेहरा दगडावानी. जमनी तिले म्हने, "भूगोल काय, येते-जाते. रडनारी बाई एकटी कशी सोडू?" चंदाबाईनं तिचा हात धरला. तिले राग आलाच नव्हता. मले मात्र आलता, कोनावर ते कळे ना.

निकाल लागला. मी पाचही विषयात पास. चंदाबाई चारात पास, भूगोल राह्यला. आता दिवाळीनंतरची परीक्षा तेवढी उरली. ती नाही साधली त ग्रामसभेत दुसरीचं नाव लागनार.

पावसाळाभर ती वावरात भेटे, पन अभ्यासाचं नाव काढे ना. एक दिवस तुरीत निंदता निंदता म्हनली, "सोडून द्या लागते ताई. मले गुपचूप आठवत नाही. त्या दिवशी सारा भूगोल पुसून गेलता. एक गोदावरी तेवढी राह्यली होती."

"गोदावरीच काहून राह्यली?" म्या इचारलं.

"काय माहीत."

आता माह्यासारखीले हे पुरते का? घरी आली, भाकर थापता थापता तेच डोक्यात. नद्या साऱ्या एकाच धड्यातल्या. कृष्णा पुसली, तापी पुसली, आपल्या जिल्ह्याच्या शिवंची पैनगंगा पुसली, अन् गोदावरी काहून नाही पुसली? भाकर करपली. भगवानराव म्हने, करपली. मी म्हनली, खा.

अन् एकदम डोक्यात उजेड पडला. मी तशीच पीठाच्या हातानं तांड्यावर गेली.

"चंदाबाई, तू अभ्यास कोनाजवळ रडतेस?"

"कोनाजवळ नाही. भिंतीजवळ."

"अन् गोदावरी कोनाजवळ रडली होती?"

गोदावरीच्या ओळीवरच तर त्या बाया धावत आल्या होत्या!

"तुह्या लग्नातला ढावलो आठवते का?"

"शब्द न् शब्द."

"तो कोनाच्या गळ्यात पडून रडली?"

"याडीच्या," ती म्हनली. याडी म्हनजे माय. अन् मंग हळूच म्हनली, "भिंतीजवळ रडलेलं भिंतीतच राहते ताई. मानसाजवळ रडलेलं आपल्याजवळ राहते."

मंग काय इचारता! तांड्यातल्या बायायले काम लागलं. कापूस वेचून आल्यावर चंदाबाई एकेकीच्या दारात जाई. पुष्पाच्या गळ्यात पडून कृष्णा. शेजारच्या बबिताजवळ मान्सूनचे वारे. काळी माती कशी झाली ते एका म्हातारीजवळ, ती त इतकी रडली की म्हने, माह्या बापाचं वावर आठवलं. जमनीले निरोप गेला, ती बी येऊन राह्यली. दोघी एकमेकीच्या गळ्यात पडून राजूरच्या कोळशाच्या खानी रडल्या. बायायले भूगोल फुकटात कळला. पुष्पा मले एक दिवस म्हनली, "मावशी, तापी उलटी वाहते, माहीत हाय का?"

मले बी बाया म्हनल्या, तुमी एक धडा घ्या. म्या साफ नाही म्हटलं. आमच्या कुनब्याच्या घरात असं कोनाच्या गळ्यात पडत नाहीत. माह्या लग्नात बी मी रडली नव्हती. बाप म्हनला होता, पाटलाची पोरगी हायेस, पाव्हन्यात शोभा करू नको. मी ओठ दाबून बैलगाडीत बसली होती. पुढं तशीच सवय लागली. माय गेली तवा बी लोकं म्हनले, बाई मोठ्या धिराची. धिराची कायची, येतच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्यासंगं दारव्ह्याले गेली. माहा पेपर नव्हता, पन घरी करमलं नसतं. फाटकाजवळ गर्दी. चंदाबाईचं तोंड पांढरं पडलं होतं.

"ताई, एक धडा राह्यला. शेवटचा. स्थलांतर. रात्री पुष्पाजवळ रडनार होती, तिले ताप आला."

"मंग वाच ना पुस्तकात."

"वाचून राहत नाही."

घंटेले थोडाच वेळ होता. तिनं माह्याकडं पाह्यलं. म्या इकडं-तिकडं पाह्यलं. ओळखीचे लोक, पोट्टे, पोलीस. मी मनात म्हनली, जळ्ळं माह्यं मेलीचं, अन् हात पुढं केले.

तिनं माह्या गळ्यात हात टाकले. तिच्या अंगाले कापसाचा अन् धुराचा वास. कानाशी सूर लागला. लोक घर सोडून जातेत बाई. कोनी कामासाठी गेलं, उसाच्या फडात गेलं, खानीत गेलं. कोनी शिक्षनासाठी गेलं, दप्तर घेऊन शहरात गेलं. कोनी दुष्काळानं गेलं, कोनी पुरानं गेलं. अन् बाया बाई, बाया सगळ्यात जास्त गेल्या, पन कामासाठी नाही, शिक्षनासाठी नाही, बाया लग्नासाठी गेल्या. तानाबाई तू बी गेली. नववीची पुस्तकं तू कोनाले देऊन गेली...

हाच प्रश्न मले उन्हाळ्यात आलता. स्थलांतराची कारनं लिहा. म्या लिहिली होती, आकडे टाकून, कोरड्या डोळ्यानं, अन् पूर्न मार्क भेटले होते.

काय झालं ते मले सांगता येत नाही. मी मोठ्यानं रडाले लागली. सूर-बिर मले कुठचा यायले, भसाड्या आवाजात रडली. म्हनली, माही पुस्तकं चुलत भावाले देली वो, चंदे! माह्यं भूमितीचं पुस्तक कोरं करकरीत होतं! म्या हात जोडले होते बापाले, दहावी होऊ द्या म्हनून! लोक पाहून राह्यले होते, पाहू दे. चंदाबाई मले थोपटून राह्यली होती, अन् थोपटता थोपटता धडा बी पुरा करून राह्यली होती.

घंटा झाली. तिनं माह्ये डोळे तिच्या पदरानं पुसले, मंग आपले पुसले, अन् आत गेली. वर्गात तिनं तोंडातून आवाज काढला नाही. जमनी बी पुन्हा पेपरले बसली होती, तिनं मागून सांगतलं, मान वर केली नाही म्हने.

जानेवारीत निकाल आला. रवी सरचा फोन मले आला, कारन चंदाबाई कापसात होती. मी धुऱ्यावरून ओरडली, "पास! पास झाली वो!" तिनं वटीतला कापूस तसाच धरून ठेवला अन् पुष्पाकडं पाह्यलं. पुष्पा खाली बसून हसून राह्यली होती. सव्वीस जानेवारीले किसनरावनं ग्रामसभेत नाव वाचलं, कोनाचाच हात इरोधात गेला नाही. आता ती तांड्यात दारोदार जाते अन् पोरीयले गोरबोलीत इचारते, पाय सुजले का, डोळ्यापुढं अंधारी येते का. पोरी बोलतेत.

त्याच आठवड्यात मी केंद्रावर जाऊन बारावीसाठी नाव टाकून आली. भगवानराव पेपर खाली ठेवून म्हनले, "आता कायले वो? दहावी झाली ना. टाइमपास किती कराचा?"

म्या म्हटलं, "टाइमपास नव्हताच तो. एकदा लग्नासाठी घर सोडलं. आता शिक्षनासाठी सोडून पाहतो."

त्यायनं पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. पन रविवारी मी बाहेर आली, त गाडी पुसून, चालू करून, केंद्राच्या रस्त्याकडं तोंड करून उभे होते.